पिवळा पट्टा

आमच्या क्वार्टरसमोरून रोज सकाळी जवान धावत जातात. अंगावर झाडीत मिसळून जाणारा ठिपक्यांचा गणवेश आणि त्यावर, भर उन्हातसुद्धा, चमकणारा पिवळा पट्टा. गाडीवाल्यांना दिसावेत म्हणून! कॅन्टीनमधून साखर आणायला जातानाही पट्टा हवाच. एकदा यांना त्यापायी गेटवरून परत पाठवलं, तेव्हा मी भडकले होते. "लपायचे कपडे द्यायचे आणि वर दिवा लावायचा, काय हा वेडेपणा!"

मग यांची सीमेवर बदली झाली. सामान भरताना मी पट्टा पुढे केला.

"तिथं नको," हे म्हणाले. "तिथं दिसलो की संपलो."

पट्टा खिडकीशी खिळ्यावर तसाच लटकतोय. यांचा फोन लागत नाही. देवा, यांना कुणाच्याच नजरेस पडू देऊ नकोस, असं घोकत मी दिवसभर रस्त्याकडे डोळे लावून बसते.