पाकिटावरचं नाव

लग्नाच्या उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर नऊ वर्षं मी नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. बाळकुमच्या कोळ्यांच्या घरातून कळव्याच्या चाळीत आले तेव्हा आईने बजावलं होतं, नाव घेतलंस तर त्याचं आयुष्य कमी होतं. मला त्यात जाच वाटायचा नाही. 'अहो' म्हटलं की भागायचं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ह्यांचा कारखाना बंद पडला. हे वेल्डर, हात चांगला, पण शिक्षण सातवी. कमी शिकलेल्याला आखातात जायचं तर सरकारची वेगळी परवानगी लागायची, आणि त्या कागदांमागे वर्ष गेलं. मग कल्याणचा एजंट घरी आला. एकाचं जाणं रद्द झालंय, त्याचा पासपोर्ट आणि व्हिसा तयार आहे, फक्त फोटो बदलायचा. सरकारच्या लेखी हा चोरून माणसं पाठवणारा गुन्हेगार. आमच्या सासूबाईंनी त्याला सुरमई वाढली. खोटं कशाला बोलू, मीही हात जोडले. सरकारने लावलेलं दार ह्याने उघडलं, एवढंच आम्हाला दिसलं.

हे परक्याच्या नावाने गेले. तिथे मालकाने पासपोर्ट काढून घेतला आणि सगळे ह्यांना त्याच नावाने हाक मारू लागले. पत्रही त्याच नावाने पाठवायचं, नाहीतर पोचायचं नाही. पाकिटावर ते नाव पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मला किळस आली. कोण कुठला माणूस, आणि मी त्याला दर पंधरवड्याला पत्र लिहितेय. पुढे सवय झाली. त्या सवयीचाच मला आता राग येतो.

तीन वर्षांनी तिथे धरपकड झाली आणि हे तुरुंगात गेले. खरं सांगावं तर गुन्हा कबूल, म्हणून हे पासपोर्टवरच्या नावालाच चिकटून राहिले. पत्ता मात्र आमचा दिला. परत पाठवायचं तर हा माणूस कोण, ते इथून ठरायला हवं. मला ठाण्याच्या पोलीस कचेरीत चौकशीसाठी बोलावलं.

"बाई, नवऱ्याचं नाव सांगा," साहेब म्हणाले.

खरं नावच सांगायचं असं ठरवून गेले होते, पण जीभ उचलेना. अशा वेळी आम्ही बायका नाव लिहिलेलं काहीतरी पुढे करतो, रेशनकार्ड, लाइटबिल. मीही सवयीने पिशवीत हात घातला आणि हाताला लागलं ते पुढे केलं. ते ह्यांना लिहिलेलं, टपालात टाकायचं राहिलेलं पाकीट होतं.

साहेबांनी नाव उतरवून घेतलं. "अक्षर तुमचं?"

अक्षर माझं, पण नाव ह्यांचं नव्हे, असं म्हणायला हवं होतं. पण मग पुढचा प्रश्न येणार, आणि खोटं उघडं पडणार. मी मान हलवली.

चार महिने काहीच कळेना म्हणून पुन्हा गेले, तेव्हा कारकुनाने सांगितलं. त्या नावाचा माणूस आपल्या गावी सुखरूप सापडला होता. माझा जबाब खोटा ठरला, फाईल बाजूला पडली. तुरुंगातला माणूस कोणाचाच नव्हता. ह्यांचं आयुष्य कमी होऊ नये म्हणून गप्प बसले, आणि त्यातलेच चार महिने मी ह्यांना तुरुंगात काढायला लावले.

तिथेच उभी राहून मी ह्यांचं नाव घेतलं.

"जोरात बोला, ऐकू नाय येत," कारकून म्हणाला.

जोरात घेतलं, आडनावासकट. पलीकडच्या टेबलावरून साहेबांनी वर पाहिलं. "आता त्यांना आणता येईल. पण खोट्या पासपोर्टची केस होणार."

"एजंटने ह्यांना फसवलंय साहेब."

"फसवलं हे खरं. त्यांनी सरकारला फसवलं हेही खरं."

मी नव्या जबाबाखाली सही केली.

हे आले, विमानतळावरच पकडले गेले, जामिनावर घरी आले. एजंट सापडला नाही, त्यामुळे आरोपी हे एकटेच. केस चार वर्षं चालली. पुकारा दोन्ही नावांनी व्हायचा, मध्ये 'उर्फ'. शिपाई खरं नाव ओरडायचा तेव्हा हे बाकावर तसेच बसून असायचे. दुसरं नाव आलं की उठायचे. मी दर वेळी पहिल्या नावालाच कोपराने ढोसायचे.

शेवटच्या तारखेला ढोसलं नाही. कानाशी वाकून ह्यांना हळूच नावाने हाक मारली.

हे दचकले. मागे वळून पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोणाला हाक मारतेस गं?" म्हणाले.