दादाची फुप्फुसं

"बघा, किती निरोगी," डॉक्टर शिकाऊ पोरांना सांगत होते. टेबलावर काचेची बरणी. आत दोन करडी फुप्फुसं. "परांचीवरून पडला. डोकं फुटलं, छातीला धक्का नाही. हा त्याचाच भाऊ."

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. माझ्या हातात चहाचा ट्रे.

"सर, हा तर काही बोलतच नाही!" एक पोरगा हसला.

"ही माणसं बोलत नाहीत. उद्या एकाची फुप्फुसं दुसऱ्याला बसवू, तेव्हा एवढी आणणार कुठून? यांच्यातूनच. ए, चहा ठेव आणि जा."

गेलो. सातवीत शाळा सुटलेला मी, मालवणाकडून दादामागे मुलुंडला आलेला. वॉर्डबॉयची नोकरी याच डॉक्टरांनी लावलेली. म्हणून सुतकातही कामावर होतो. नोकरी गेली तर? हीच धास्ती. संडासात जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडलो. आम्ही दादाला जाळला, तो अर्धाच जाळला होता.

दुसऱ्या दिवशी स्पेशल खोलीतले शेठ वारले. डॉक्टर बूट बाहेर काढून आत गेले. हात जोडले. "डोळे दिलेत तर कुणाला तरी दिसेल."

"नाही," शेठचा मुलगा म्हणाला.

"काही हरकत नाही. तुमची इच्छा."

मी दारात उभा. म्हणजे विचारतात. म्हणजे नाही म्हणता येतं! फक्त आम्हांला विचारत नाहीत.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला. कावळा यायचा, बघायचा, उडायचा. मामा म्हणाला, "आवशीक सांभाळू, असा सांग." आईला सांभाळीन, सांगितलं. शिवेना. "अरे, तेची काय इच्छा रवली आसात ती बोल!"

मी बोललो, "दादा, तुझी फुप्फुसं आणतो. आणि त्या डॉक्टरला फुकटात परत कुणाचंच काही मिळू देत नाही."

कावळा शिवला.

तसाच, मुंडल्या डोक्याने, वर्गात शिरलो. बरणी उचलली.

"ठेव ती! नोकरी लावली तुला, विसरलास?"

"नोकरी तुमची. भाऊ माझा."

दादाचं उरलेलं त्याच स्मशानात जाळलं. नोकरी गेली.

आता मी इस्पितळाच्या फाटकाबाहेर उभा असतो. आत कुणाचं माणूस गेलं की घरच्यांना गाठतो. सांगतो, मयत ताब्यात येईपर्यंत हलू नका. पोट शिवलेलं दिसलं तर विचारा, आतलं कुठाय? डॉक्टर काचेतून बघतो. बघू दे. त्याच्या टेबलावर तेव्हापासून नवी बरणी आलेली नाही.

मागितलं असतंस, तर दादाचं काळीजसुद्धा दिलं असतं. आता आमच्यातल्या कुणाचं काही हवं असेल, तर बूट काढून ये. हात जोड. मी नाहीच म्हणणार आहे, आणि ते तुला सगळ्यांसमोर ऐकावं लागेल.