नववी कन्या

ज्या हातांनी माझे पाय धुतले, त्याच हातांनी आंटीने माझ्यासमोरचं ताट उचललं. चिमट्याने. ताटात पुरी नव्हती, जिवंत विंचू होता म्हणायचा.

तेव्हा मी आठ वर्षांची. बाबा केंद्र सरकारात कारकून, आम्ही दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये. नवरात्रात अष्टमीला इथे लहान मुलींना देवी मानून जेवू घालतात. त्या सकाळी आमचा भाव असा, की मंत्र्याच्या गाडीनेही थांबून वाट दिली असती. वर्षभर मुलगी नको म्हणून नवस बोलणारी माणसं त्या दिवशी जिने चढून मुली गोळा करायची. मी आधीच चार-पाच घरं जेवलेली. जिन्याच्या वळणावर माझं पोट माझ्याआधी पोचत होतं. तरी गेले, कारण समोरच्या आंटीच्या पुऱ्या. इतक्या फुगायच्या, की उडून जाऊ नयेत म्हणून खिडकी बंद ठेवावी लागे.

आंटीने पाय धुतले, कुंकू लावलं, पायावर डोकं टेकवलं. "बोलो बेटा, जय माता दी."

घरी पाहुणा आला की आम्ही जे म्हणायचो, तेच तोंडात आलं. हात जोडून, खणखणीत. "जय भीम."

आंटी उठली. "अच्छा. तो तुम लोग वो हो."

मग चिमटा. मग आत नळ सुटला तो सुटलाच. साबण लावून हात धुणं चाललेलं. त्या दिवशी यमुना नक्की आटली असणार. बाकीच्या देव्या मान खाली घालून हलवा खात होत्या. मी ओल्या पायांनी घरी आले.

आईने सगळं ऐकलं. पदराने कपाळावरचं कुंकू पुसलं. "तू चुकीचं काही बोलली नाहीस," एवढंच म्हणाली.

पुढच्या अष्टमीला तीच आंटी आमच्या दारात. नऊ मुली लागतात, आठच मिळालेल्या. "चल बेटा, पूजा पूरी करा दे. बस, वहाँ कुछ बोलना मत."

देवी हवी, पण मुकी.

आई दारातून बाजूला झाली. मी चौकटीतून हलले नाही. "आंटी, जय भीम. पहले जवाब दो."

आंटी शेजारची बेल वाजवायला वळली. दार मी लावलं.

आता नोएडात अष्टमीला माझ्या मुलीसाठी बेल वाजते. तिला सांगून ठेवलंय. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. जय भीम म्हणायचं. आतून जय भीम आलं, तरच चप्पल काढायची.