इरकली जोडाची खोली

आमच्या ओव्हरसियरांइतका इमारतीला कापड समजणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. आणि झालाच असेल, तर त्याच्या हाताखालच्या कारकुनाची मला दया येते. जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात आला, कचेरीतले छापील कागद बदलले, पण कोष्ट्याच्या घरात जन्मलेले हे गृहस्थ मागावरून काही उतरले नाहीत. भिंत दोन बोटांत चाचपून बघायचे. शाळेला विटांचा काठ, चावडीला चौकडी. आणि नकाशात नसलेल्या प्रत्येक नक्षीचा खुलासा लिहायचा मी. एकदा मोठ्या साहेबांकडे चहाला गेलो, तर हे बाईसाहेबांच्या इरकली लुगड्यावर वाकून म्हणाले, "पदराचा जोड लई नामी हाय!" साहेबांच्या कपाळावर अशी आठी पडली की मी चहा तसाच टाकून उठलो.

त्याच जोडानं घात केला. अणदूरकडच्या एका गावात काळ्या दगडाचा जुना दवाखाना होता. त्याच्यापासून चार हात सोडून बाळंतिणीची खोली बांधायची, असा नकाशा. यांनी ती दवाखान्याला जोडूनच घेतली. इरकलीत अंगाचे आणि पदराचे धागे एकमेकांत अडकवतात, तशा लाल विटा जुन्या दगडांत दात पाडून गुंतवल्या. दिसायला सुरेखच दिसायची. पण जमीन काळी. पहिल्याच उन्हाळ्यात ती भेगाळली, खोलीचा नवा पाया खचला आणि जोड वरपासून खालपर्यंत उलला.

चौकशी लागली. ओव्हरसियरांच्या निवृत्तीला तीन महिने उरलेले. मी कंटाळून, पण त्यांच्याच भल्यासाठी, दोष गवंड्यावर ढकलणारा खुलासा तयार केला. त्यांनी तो वाचला आणि फाडला.

"गवंड्याचा काय कसूर? म्या सांगितलं तसंच केलं त्यानं. माझंच चुकलं, लिहा."

"पण नकाशा सोडून जोडलीत कशाला?"

"कळा सुरू झालेली बाई पावसात उघड्यावरनं चालत जाईल व्हय? तेवढं बी लिहा."

मी पहिलं लिहिलं. दुसरं लिहिलं नाही. असल्या गोष्टी खुलाशात शोभत नाहीत, असं मला वाटलं. खोली पाडली, नवी चार हात लांब बांधली. ओव्हरसियर ठपका घेऊन निवृत्त झाले आणि गावी गेले.

पुढं भर पावसाळ्यात त्या गावी गेलो होतो. एक बाई सासूच्या खांद्यावर भार टाकून, चिखलातून दवाखान्याकडून खोलीकडं चालली होती. चारच हात अंतर, पण मधे दोनदा थांबली. ते एक वाक्य मी लिहायला हवं होतं.