तुरटीला न जुमानणारा लाल

साजगावच्या रंगकारखान्याचे लाल पाणी नदीत उतरू लागले, तेव्हाही आई नेहमीसारखी हंड्यात तुरटी फिरवीत असे. गाळ तळाशी बसे; लाली मात्र हलत नसे, आणि तिचा कडवट वास भाताच्या वाफेतून येई.

"ह्यो काय बसत नाय गं," एके दिवशी आई म्हणाली आणि तिने तुरटी खाली ठेवली. तिचे ते हरणे मी विसरले नाही.

रसायनशास्त्र शिकून मी त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत शिरले, ते सूड घ्यायलाच. मुख्य रसायनज्ञ साहेब हसले, "बाई, रंग पक्का हवा. नदीला कोण विचारतो?"

कित्येक महिन्यांनी मला हवा तो लाल साधला. तो सुताला घट्ट धरून राही, पण धुवणात उरलेला अंश तुरटीने तळाशी बसे.

मालकांसमोर मी दोन पेले मांडले, एकात साहेबांच्या रंगाचे धुवण, दुसऱ्यात माझ्या रंगाचे. माझ्या पेल्यात आईची तुरटी फिरवली, पाणी निवळले.

"साहेब, आता तुमचे निवळवा."

ते तुरटी फिरवत राहिले. बोटे लाल झाली, पाणी तसेच राहिले.

"जुना रंग बंद करा," मालक म्हणाले आणि निघून गेले.

साहेबांचा हात अजून पेल्यातच फिरत होता. मी त्यांना थांबा म्हटले नाही.