ओल्या लाकडाचे बेचके

नागामी बाईंनी मला बावीस वर्षे फुले मांडायला शिकवले आणि बावीस वर्षे एकच शिवी दिली, "टोफूवाली!" मात्सुए गावच्या कालव्याकाठी माझे टोफूचे दुकान आहे, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती. फांदी हातातून निसटली की त्या म्हणायच्या, "फुसाए, फांदी आहे ती. टोफूसारखी कुरवाळू नकोस, घट्ट धर." बाकीच्या बायका फिदीफिदी हसायच्या. मी रागाने लाल व्हायचे, पुन्हा या बाईचे तोंड पाहणार नाही अशी शपथ घ्यायचे आणि पुढच्या गुरुवारी सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचे.

उंच फुलदाणीत फुले उभी करायची ती लाकडाच्या बेचक्यावर, हा बाईंचा धर्म होता. तार चालत नसे, खिळ्यांची चकती चालत नसे. त्याच दिवशी झाडावरून कापलेल्या फांदीचे बेचके घ्यायचे, फुलदाणीच्या तोंडापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढे मोठे ठेवायचे आणि दाबून गळ्यात बसवायचे. त्याच्या खाचेत देठ टेकला की दोन हात उंच शेवंतीसुद्धा मान ताठ ठेवून उभी राहते. बेचके बाहेरून दिसले तर बाई सगळे उपसून पुन्हा मांडायला लावायच्या.

खरे सांगायचे तर स्वतः बाईंनी ही बेचकी कधी कापलीच नाहीत. लग्न झाल्यापासून ती कापून दिली त्यांच्या नवऱ्याने. एइजिरो साके दारूची लाकडी पिंपे बनवायचे आणि दिवसाला चार शब्द बोलायचे. गुरुवारी सकाळी उंबऱ्यावर ओल्या बेचक्यांची टोपली येऊन पडलेली असायची, त्सुबाकीच्या झाडाच्या कडक लाकडाची. "हे काय, जाड आहे!" बाई आतून ओरडायच्या. ते मुकाट्याने उठून दुसरे कापून आणायचे. आभार मानलेले मी तरी कधी ऐकले नाहीत.

मार्चमध्ये एइजिरो गेले. उन्हाळ्यापर्यंत बाईंची बोटे संधिवाताने अशी आखडली की कात्री मिटेना. शिकवणीत आम्ही बेचके न लागणाऱ्या बसक्या भांड्यांवर आलो. का, ते कुणी विचारले नाही. हळूहळू बायका गळाल्या आणि गुरुवारी मी एकटीच उरले.

पण नोव्हेंबर येत होता. गावातल्या मठाच्या मूळ गुरूंच्या पुण्यतिथीचे तीन दिवस मोठ्या सभागृहातल्या कोनाड्यात फुले मांडायची, हा मान एकतीस वर्षे बाईंचा होता. मठाधिपतींची सून मित्सुयो दुकानात आली, दोन वड्या टोफू घेतला आणि गोड आवाजात म्हणाली, "यंदा बाईंना कशाला दगदग? तो हिरवा स्पंज मिळतो ना हल्ली बाजारात, त्यात मीच खोचून टाकते."

माझ्या जिभेला हाड नाही. संध्याकाळी जाऊन मी बाईंना सांगून टाकले.

"मी मेल्यावर खोच म्हणावं!" बाई कडाडल्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते खोटे नाही. मग चहाचा पेला बाजूला सारून म्हणाल्या, "तो कोनाडा गेला, की माझं काय उरलं गं?"

मी म्हटले, "जाईल कसा? मी येते ना बरोबर."

पुण्यतिथीच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी सभागृहात गेलो. मठाची काळ्या झिलईची उंच मातीची फुलदाणी तयार होती, मित्सुयोच्या आजेसासऱ्यांच्या वेळची. बाईंनी फडके सोडले आणि बेचके काढले. ते तपकिरी होते, साल सुटलेली होती. एइजिरोंनी जाण्यापूर्वी कापलेल्यांपैकी ते होते. सुकून इतके आकसले होते की फुलदाणीच्या गळ्यात टिकेना, दोनदा घरंगळून आत पडले. बाईंनी एइजिरोंच्या कारखान्यातल्या दोन पाचरी काढल्या, त्याही कोरड्या खडखडीत. त्या बेचक्याच्या टोकांशी आडव्या घालून बाई कात्रीच्या मुठीने ठोकू लागल्या.

आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते की सुके लाकूड पाणी प्याले की फुगते. पिंपाच्या फळ्या फुगूनच एकमेकींना घट्ट भिडतात, आणि बाहेरून त्यांना बांबूचे कडे आवळलेले असते म्हणून पिंप टिकते. फुलदाणीला कडे नसते.

माझ्या कमरेला कात्री होती. अंगणात त्सुबाकीचे झाड होते. दहा मिनिटांचे काम. पण आमच्यात शिष्याने गुरूचे लाकूड सुके म्हणायचे नसते. आणि तसे म्हणणे म्हणजे, बाई, तुमचे हात गेले, असे तोंडावर सांगणे. मी तोंड उघडले आणि मिटले.

बाई थांबल्या. हातोडीसारखी धरलेली कात्री हवेतच राहिली. "काय गं?"

"काही नाही, बाई. सुंदर बसलंय."

बाईंनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले, मग पाणी ओतले. फुले तर अशी उभी राहिली की काय सांगू. पांढऱ्या शेवंत्या, मागे लाल मणी लगडलेली फांदी. मित्सुयोनेसुद्धा वाकून नमस्कार केला. मी मूग गिळून बसले ते पचले, असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंत्रपाठ ऐन रंगात असताना कोनाड्यात टक्कन आवाज झाला. फुलदाणीला गळ्यापासून बुडापर्यंत चीर गेली. पाणी कोनाड्यातून चटईवर आले आणि मठाधिपतींच्या पांढऱ्या मोज्यांपर्यंत पोचले. कुणी मान वळवली नाही, पाठाचा एक शब्द चुकला नाही. मी गुडघ्यांवर सरकत जाऊन रुमालाने पाणी टिपत राहिले. बाई मागच्या रांगेत हात जोडून बसल्या होत्या, डोळे मिटून.

पाठ संपल्यावर मित्सुयो हसत म्हणाली, "जुनीच होती हो, आज ना उद्या जाणारच होती. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आता आराम करा." आमच्याकडे कुणी इतके गोड बोलले की दार लागले असे समजायचे. दुपारी कोनाड्यात दुसरी फुलदाणी आली आणि तिच्यात हिरवा स्पंज.

कालव्याच्या काठाने आम्ही परतलो. बाईंनी माझा दंड धरला होता. माझ्याच्याने राहवेना. "बाई, मला दिसलं होतं. लाकूड सुकं होतं."

"हो."

"म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"पिंपवाल्याबरोबर जन्म काढला मी. मला माहीत नसेल?"

"मग का बसवलंत?"

बाई चालायच्या थांबल्या. "बोटं मिटत नाहीत, फुसाए. आणि तुला म्हणायला, की बाई गं, माझ्यासाठी एक कापून आण, तोंड उघडेना. यांच्याकडेही कधी मागावं लागलं नव्हतं. म्हणून तुझ्यासमोर बसून, तुला नीट दिसेल असं, हळूहळू ठोकत राहिले. वाटलं, आता तू ओरडशील. मी थांबलेसुद्धा." त्यांनी माझा दंड सोडला. "आणि तू म्हणालीस, सुंदर."