सुपाचा ताल

समोरच्या गॅलरीत वैशाली तांदूळ पाखडायला बसली, की तिची दीड वर्षांची मनू शेजारी येऊन बसते. सूप उडू लागलं की मनूची मान डोलते. खडा वेचायला आईचा हात थांबला, की मानही थांबते.

"अजून एक शब्द बोलत नाही हो काकू," वैशाली परवा मला म्हणाली.

"बोलेल गं," मी म्हटलं.

आज मी कठड्याशी उभी राहून पाहत होते. शब्दांच्या आधी माणसाला लय येत असावी. थोपटणाऱ्या हाताची, पाळण्याच्या झोक्याची, सुपात सरसरणाऱ्या तांदळाची. शब्द मागाहून येतात आणि तारेवर पाखरं बसावीत तसे त्या लयीवर बसतात. आपण पाखरं मोजत राहतो. तारेकडे कुणाचं लक्ष नसतं.

वैशाली सूप घेऊन आत गेली. मनूनं एक रिकामी ताटली दोन्ही हातांत धरली आणि आईसारखीच हलवली, पुन्हा हलवली. मग थांबली. वाकून ताटलीत निरखून पाहिलं, चिमटीनं एक नसलेला खडा उचलला आणि गजांतून बाहेर टाकला.

तो कुठं पडला, हे पाहायला मी खाली वाकले.